कात्री माझ्याकडे, दगड दादाकडे

२ सप्टेंबर, मंगळवार

नवी वही काढली. सरकारी दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी तीन जाड वह्या दिल्या होत्या. पहिल्या दोन हिने सामानाच्या याद्या करून संपवल्या. ही तिसरी मी कपाटात वर ठेवली होती, म्हणून वाचली. हिच्यात तांबडीचा केसपेपर ठेवायचं ठरवलं आहे.

तांबडी म्हणजे आमचं आणि दादाचं घर यांच्यामधलं कुंपण. चौदा झुडपं आहेत. त्यांचं खरं नाव लांबलचक आहे आणि ते घरात कुणाच्याच तोंडी बसलं नाही. कोवळी पालवी तांबूस येते म्हणून आई तांबडी म्हणायची, तेच राहिलं. जागेची वाटणी झाली तेव्हा दादा म्हणाला मध्ये भिंत घालू, आणि मीही भिंतच म्हणत होतो. आई म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत भिंत नको. काहीतरी हिरवं लावा." मग आम्ही दोघांनी एका दिवसात चौदा खड्डे खणले. बाबांच्या वस्तूंपैकी छाटणीची कात्री माझ्या वाट्याला आली आणि तिला धार लावायचा दगड दादाच्या. आई हसली होती. "बरं झालं. एकमेकांकडे जावं तरी लागेल."

काही वर्षं गेलो. गेली चार वर्षं गेलो नाही.

आता रुग्णाविषयी. तिसऱ्या झुडपाच्या पानांवर ठिपके आहेत. मसुराएवढे, मध्ये राखाडी, कडेने जांभळट. बोटाने पुसले तर जात नाहीत, म्हणजे धूळ नव्हे. दोन पानं हातात गळून आली.

निदान: अशक्तपणा. उपचार: रोज संध्याकाळी नळीने डोक्यावरून अंघोळ, मुळाशी थोडा युरिया, आणि दर आठवड्याला शेंडे छाटणं, म्हणजे नवी जोमदार पालवी येईल. अडतीस वर्षं माणसांना औषधं दिली, पानाचं दुखणं म्हणजे काही ब्रह्मविद्या नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

चौथ्या झुडपालाही ठिपके.

ही कपडे वाळत घालताना वहिनीशी बोलते. दोन्ही घरांतलं सगळं टपाल त्याच दोरीवरून जातं. आज आत येऊन म्हणाली, "भाऊजींनी गवंड्याला सांगून ठेवलंय. झाडं मेली तर भिंत घालायची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मोकळा आहे म्हणे तो."

"झाडं मरत नाहीयेत," मी म्हणालो.

"मी कुठे म्हणाले मरतायत? मी निरोप सांगितला."

मला भिंत नको आहे. हे हिच्याजवळ बोललो नाही, इथे लिहून ठेवतो. तरुणपणी भिंत म्हणत होतो ते तरुणपण होतं. आता वाटतं की एकदा वीट चढली की संपलंच. आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर एव्हाना मिटलंही असतं.

झालं ते एवढंच. आईला खोकला लागला होता. मी म्हणालो साधा आहे, आणि तीन आठवडे घरचंच औषध दिलं. तो साधा नव्हता. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर दादा म्हणाला, "तुला नेहमी सगळं कळतं." ओरडला नाही, रडला नाही. तेवढंच म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर आमचं बोलणं कपड्यांच्या दोरीवरून होतं.

तांबडी मी बरी करणार.

९ सप्टेंबर, मंगळवार

सुतळी ताणून चौदाही झुडपांचे शेंडे एका रेषेत छाटले. कात्री फार बोथट झाली आहे. कापत नाही, चावते. ही ओसरीवरून बघत होती. म्हणाली, "दगड मागा की."

"नको."

"मी मागू?"

"नको म्हटलं ना."

"बरं बाई. चावा मग."

काम झाल्यावर कात्री तेलाच्या फडक्याने पुसली. बाबांचा नियम होता की कात्रीला पाण्याचा थेंब लावायचा नाही, फक्त तेलाचं फडकं. फडकंही त्यांच्याच वेळचं आहे, कात्रीच्या पिशवीतच असतं.

तसाच टायपिंगच्या बाईंकडे गेलो. त्या समोरच्या ओळीत राहतात, टायपिंगचा क्लास बंद झाला तरी गल्लीत त्यांचं नाव तेच आहे. आईने त्यांना आमच्या तांबडीच्या फांद्या दिल्या होत्या, त्यांच्या फाटकाशी आता पाच झुडपं आहेत. एकाही पानावर ठिपका नाही. तरी खबरदारी म्हणून शेंडे छाटून दिले. बाई नको नको म्हणत होत्या. मी म्हणालो, "बाई, आजार यायच्या आधी काळजी घेतलेली बरी."

१३ सप्टेंबर, शनिवार

दादाचं काय चाललं आहे कळत नाही. रोज सकाळी सातला तो कुंपणाच्या त्याच्या बाजूला वाकलेला दिसतो. हातात जुना पेपर. खाली पडलेली पानं एकेक करून उचलतो, पेपरात गुंडाळतो आणि आत नेतो. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे उचलतोही अगदी चिमट्याने स्क्रू उचलावा तसा.

माझा तर्क असा की तो पुरावा गोळा करतो आहे. उद्या गवंड्यापुढे पुडकी उघडून म्हणेल, बघा, झाडं मेली.

पानं उचलताना दोनदा खोकला. कोरडा, वरवरचा. धुळीचा खोकला. गवंड्याने आगाऊच वाळूचा ढीग आणून टाकला आहे त्याच्या ओसरीसमोर. हे निदान मनात झालं आणि लगेच स्वतःचाच राग आला. कुणी विचारलं होतं मला?

२० सप्टेंबर, शनिवार

आमच्या बाजूला सहा झुडपं लागली. दादाच्या बाजूने वाकून पाहिलं तर तिकडची पानं बऱ्यापैकी स्वच्छ! तो छाटत नाही, नळी लावत नाही. दर दोन दिवसांनी झारीने मुळाशी पाणी ओततो आणि जातो. झुडपाचा तिकडचा अर्धा भाग अस्ताव्यस्त पण हिरवा, माझा अर्धा सुतासारखा सरळ आणि ठिपक्यांनी भरलेला. एकाच झाडाची दोन तोंडं.

निष्कर्ष उघड आहे. रोग तिकडून येतो आणि इकडे बाहेर पडतो. हिला सांगितलं तर ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे दुखणं त्यांचं आणि ठिपके आपल्याला?"

"असं होतं कधीकधी."

"दवाखान्यातही असंच व्हायचं का?"

हिच्याशी शास्त्रीय बोलण्यात अर्थ नाही.

आता आधीचं निदान बदललं आहे. हा अशक्तपणा नसून बुरशी आहे, ठिपक्याच्या मध्ये भिंगातून काळे कण दिसतात. मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण स्वतः तयार केलं. प्रमाण तोळामाशाने बरोबर, दोनदा गाळलं, खलबत्ता दर वेळी धुऊन घेतला. दवाखान्यात मी एका औषधाचा चमचा दुसऱ्या औषधाला कधी लावला नाही. सकाळी फवारणी केली. मिश्रणाने पानं निळसर पांढरी दिसायला लागली, म्हणून संध्याकाळी अंघोळ घालताना नीट धुऊन काढली.

दुपारी शिंपीकाकांकडे जाऊन त्यांची तीन झुडपं छाटून आलो. तीही आईनेच दिलेली, आणि अगदी निरोगी होती. शिंपीकाका कात्री हातात घेऊन म्हणाले, "ही कात्री कापड कापायला आणलीत तर मी दुकान बंद करीन." हसलो दोघं.

२७ सप्टेंबर, शनिवार

बाईंच्या तांबडीवर ठिपके.

बाई फाटकाशी उभ्या होत्या, चष्मा कपाळावर. "कंपाउंडर, तुम्ही येऊन गेलात तोवर काही नव्हतं हो."

"रोग आधी दिसत नाही बाई, पण असतो. मी वेळेवर आलो म्हणून एवढ्यावर निभावलं."

लागलेले शेंडे कापून टाकले आणि मिश्रणाची बाटली देऊन आलो. बाईंनी बाटलीला लावायला चिठ्ठी टाइप केली: "झाडांचे औषध. पिऊ नये." जुनं मशीन अजून चालतं, फक्त एक अक्षर जरा वर उडतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

शिंपीकाकांकडेही आला. साथ आहे. गल्लीत मी जाईन तिथे हा रोग माझ्या मागोमाग हजर. ही म्हणाली, "तुमचं बोट धरून चालतोय जणू."

आमची नऊ झुडपं लागली आहेत. तिसरं आणि चौथं जवळजवळ उघडं पडलं. परवा गवंडी येऊन टेप लावून गेला. टेपचं दुसरं टोक धरायला दादा उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी नळी चालू केली. पाणी पानांवर पडत होतं आणि तो तसाच बघत उभा राहिला. मग टेप सोडून आत निघून गेला. टेप सर्रकन गवंड्याच्या हातावर जाऊन बसली आणि त्याने शिवी घातली.

मला रात्री झोप लागत नाही असं नाही. पण पहाटे जाग आली की पहिला विचार भिंतीचा येतो. ती किती उंच असेल हे विचारायचं धाडस होत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ठिपक्यांची पानं पाकिटात घालून, पाकिटांवर झुडपाचा क्रमांक टाकून नर्सरीत गेलो. ज्यांनी आम्हाला तांबडी दिली होती त्यांची मुलगी आता नर्सरी बघते. पंचेचाळिशीची, कोपरापर्यंत माती, बोलणं तोडून. तिने एक पान उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"पानावरची बुरशी आहे. पाणी कसं घालता?"

"व्यवस्थित."

"काका, व्यवस्थित म्हणजे वरून की मुळाशी?"

"वरून. अंघोळ."

"कधी?"

"संध्याकाळी."

"म्हणजे पान रात्रभर ओलं. ही बुरशी पाण्यावरच पसरते. थेंब ठिपक्यावर पडतो आणि उडून शेजारच्या पानावर जातो. खत?"

"युरिया."

"छाटणी?"

"दर शनिवारी. नाहीतर मंगळवारी."

तिने पान खाली ठेवलं. "कोवळं पान हिला सगळ्यात आधी लागतं. तुम्ही दर आठवड्याला कापून, खत घालून तिला ताजं ताजं वाढताय. खाली पडलेली पानं कोण उचलतं?"

"मी नाही उचलत. माझा भाऊ उचलतो. त्याच्या बाजूची."

"त्यांच्या बाजूला रोग कमी असेल."

मी पाकिटं गोळा करायला लागलो. मग तिने विचारलं, "कात्री कशाने पुसता?"

"तेलाच्या फडक्याने."

"एकच फडकं? एकाच कात्रीने सगळी झुडपं? आणखी कुणाकडे नेता का ती कात्री?"

म्हणालो, आठवत नाही. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. हिने विचारलं काय म्हणाली. म्हणालो, "तिला काय कळतंय. बापाची सर नाही."

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी ही वही काढून पहिल्यापासून वाचली.

९ सप्टेंबरला आमची झुडपं कापून तसाच बाईंकडे गेलो. बाईंच्या झाडावर तेव्हा एकही ठिपका नाही, हे माझ्याच अक्षरात आहे. २७ ला ठिपके. २० ला शिंपीकाकांकडे, तीही निरोगी होती, हेही माझ्याच अक्षरात. दोन आठवड्यांत ठिपके. गल्लीत आणखी एक तांबडी आहे, कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या दाराशी. तिथे मी गेलो नाही. आत्ता चप्पल घालून बघून आलो. एकही ठिपका नाही.

साथबीथ काही नाही. मीच आहे. मी आणि बाबांची कात्री.

खलबत्ता दर वेळी धुतला असं २० तारखेला किती तोऱ्यात लिहिलं आहे! अडतीस वर्षं चमच्याला चमचा लागू दिला नाही आणि रोगाने भरलेली कात्री हातात घेऊन दारोदार फिरलो, वर लोकांना सांगत राहिलो की मी वेळेवर आलो. दादाच्या बाजूला रोग नव्हता कारण तो नीट वागत होता, एवढं सोपं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी.

आणि सकाळी सातला तो पुरावा गोळा करत नव्हता. तो माझी झाडं वाचवत होता, त्याच्या बाजूने पोचतील तेवढी.

फार वाईट वाटलं. पुढे लिहवत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. हसली नाही. भांडी पुसत होती ती थांबली आणि म्हणाली, "वहिनी महिन्यापूर्वीच म्हणाल्या होत्या. भाऊजी म्हणतात पाणी वरून घालू नये."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, घड्याळजीला झाडातलं काय कळतं."

हे वहीत लिहिलेलं नाही. पण म्हणालो असेन. म्हणालोच असेन.

संध्याकाळी बाईंकडे आणि शिंपीकाकांकडे जाऊन आलो. दोघांना स्पष्ट सांगितलं की रोग मी आणला. लागलेली पानं आणि खाली पडलेली सगळी वेचून पिशवीत भरली, त्याला दोन तास लागले. शिंपीकाका म्हणाले, "मी म्हणालोच होतो कात्रीबद्दल." बाई चष्मा डोळ्यांवर ओढून आत गेल्या. जाताना मशीनवर एक चिठ्ठी टाइप करून हातात दिली: "कंपाउंडर. हात धुऊन येणे." पुन्हा तेच अक्षर वर उडालेलं. खिशात ठेवली आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

नर्सरीत जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "रोज एक काका असाच येतो. तुम्ही परत आलात, बाकीचे येत नाहीत."

उपाय असा: औषधाच्या मागे लागायचं नाही. पाणी मुळाशी, सकाळी. युरिया बंद. कोरडे दिवस बघून चौदाही झुडपं गुडघ्याएवढी छाटायची, दोन्ही बाजूंनी, आणि पान न् पान उचलायचं. प्रत्येक झुडपानंतर कात्री स्पिरिटमध्ये बुडवायची. आणि कात्रीला धार हवी. बोथट कात्री फांदी चिरडते, ती जखम भरून येत नाही.

"दोन्ही बाजूंनी म्हणजे शेजाऱ्यांना विचारावं लागेल," ती म्हणाली.

"भाऊ आहे."

"मग सोपं आहे," ती म्हणाली. तिला भाऊ नसावा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रिमझिम. छाटता येत नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

तीन दिवस कोरडे गेले, आता सबब उरली नाही. कात्री पिशवीतून काढली, फडकं चुलीत टाकलं. बाबांची क्षमा मागितली. सकाळी सातला कुंपणाशी उभा राहिलो. दादा पेपर घेऊन आला, मला पाहून थांबला.

चार वर्षांत पहिलं वाक्य काय बोलायचं याची रात्री तयारी केली होती. ती सगळी विसरलो.

"दादा, दगड आहे का?"

तो वळला. आत गेला. मला वाटलं, झालं, गेला. वहिनी खिडकीतून बघत होती, आणि आमची ही माझ्या पाठीमागे पडद्याआड, पडदा हलत होता. मग तो बाहेर आला. हातात दगड, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. म्हणजे तो दगड कोरडा पडू देत नव्हता. चार वर्षं.

मी कात्री पुढे केली. त्याने पात्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"काय केलंस रे हिचं."

"रोग माझ्यामुळे पसरला, दादा. वरून पाणी, आणि ही कात्री. बाईंकडे, शिंपीकाकांकडे, सगळीकडे मीच नेला. तुझ्या बाजूने काही येत नव्हतं."

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"निरोप पाठवला होता." तो तिथेच पायरीवर बसला आणि धार लावायला लागला. कात्रीकडे बघतच बोलत होता. "भिंत मलाही नको होती. पण रोज संध्याकाळी तू नळी घेऊन उभा राहायचास आणि आईचं झाड आपल्या हाताने मारायचास. ते बघवेना. म्हटलं भिंत घातली तर निदान दिसणार तरी नाही."

दगडावर पातं फिरत होतं. मी मधल्या उघड्या पडलेल्या तिसऱ्या झुडपातून पलीकडे गेलो. फाटकाने जायला हवं होतं, सुचलं नाही. सदरा फाटला. त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "आईच्या वेळीही माझं चुकलं."

दादाचा हात थांबला. मग म्हणाला, "खोकला मीही ऐकत होतो. तिच्या खोलीच्या भिंतीला लागूनच माझं टेबल होतं. तू म्हणालास साधा, आणि मला ते बरं वाटलं. मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही." पुन्हा पातं फिरायला लागलं. "पायरीवर जे बोललो ते मला स्वतःला बोलायचं होतं. तू समोर होतास."

मला रडू आलं. त्याने फडकं पुढे केलं, दगडाचं, ओलं. मी त्या फडक्यानेच तोंड पुसलं आणि गालांवर दगडाचं काळं उतरलं. वहिनी खिडकीतून म्हणाली, "भावजी, आरशात बघा जरा," आणि आमची ही पडद्याआडून खो खो हसली.

२६ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवसांत चौदाही झुडपं गुडघ्याएवढी झाली. कात्री आता लोण्यातून जावी तशी जाते. दादा कापायचा, मी स्पिरिटचं भांडं घेऊन त्याच्या मागे. एक झुडूप, एक बुडी. एकदा तो विसरून पुढच्या झुडपाकडे वळला तर मी हात धरला. "चमच्याला चमचा नको." तो म्हणाला, "आता आलास तू वळणावर."

पानं वेचायला दोन्ही जावा आल्या. सात पिशव्या भरल्या.

सगळं खुरटं, काटक्या काटक्या. मनात भीती आहेच की यातून काही फुटलं नाही तर? नर्सरीवाली म्हणाली होती, चौदापैकी एकदोन जातील. कुठली ते आधी कळत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

गवंडी आला. दादाने त्याला चहा दिला आणि न्हाणीघराची पायरी दुरुस्त करून घेतली. वाळूचा ढीग मात्र तसाच आहे, नंतर नेतो म्हणाला.

कुंपण गुडघ्याएवढं झाल्यापासून दादाची ओसरी आमच्या ओसरीवरून सरळ दिसते. तो पेपर वाचताना ओठ हलवतो, हे मी विसरलो होतो. तोही माझ्याकडे बघून काहीतरी विसरलेलं आठवत असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दादा खोकतो आहे. आधीसारखाच कोरडा. तेव्हा कुंपणाआडून दोनदा ऐकला होता, आता समोर दिसतो, म्हणून जास्त वाटतो की खरोखर जास्त आहे?

दुपारी त्याने स्वतःच विचारलं, इकडून तिकडे, बसल्या बसल्या. "काय रे, कशाचा असेल? दोन महिने झाले."

जिभेवर आलं होतं. चौदा झुडपांवरून तो माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याच्या जागी आई दिसली.

"मला कळत नाही, दादा. उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो."

"अरे, साधाच असेल."

"मला कळत नाही म्हणालो ना."

त्याने पेपर मिटला. मग म्हणाला, "बरं. किती वाजता?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात दोन तास बसलो. ज्या खिडकीतून मी अडतीस वर्षं औषधं दिली तिच्यासमोरच्या बाकावर, रांगेत. नव्या कंपाउंडरने ओळखलं नाही. पायरी चढताना दादाने माझा दंड धरला. त्याचा गुडघा दुखतो म्हणून असेल किंवा नसेल.

डॉक्टर तरुण बाई होत्या. छाती ऐकली, पाठ ऐकली, फोटो काढायला लावला, फोटो उजेडात धरला. त्या वेळात मी भिंतीवरच्या तक्त्यातली सगळी अक्षरं खालपर्यंत वाचून काढली. मग त्यांनी विचारलं, घराजवळ कुठे बांधकाम चालू आहे का, धूळ वगैरे?

"ओसरीसमोर वाळूचा ढीग आहे," दादा म्हणाला.

"तो हलवा. छाती स्वच्छ आहे. धुळीचा खोकला आहे."

बाहेर आल्यावर पायरीवर आम्ही थांबलो. तीच पायरी. दादाने फोटोचं पाकीट काखेत नीट धरलं आणि विचारलं, "खरं सांग, तुला काय वाटलं होतं?"

१३ सप्टेंबरचं पान मला तोंडपाठ आहे: धुळीचा खोकला.

"काहीच कळलं नव्हतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि आम्ही पायऱ्या उतरलो, एकदम. घरी येऊन दोघांनी मिळून वाळू मागे नेऊन टाकली. नाकाला फडकं बांधून, घमेल्याने. शेवटचं घमेलं रिकामं करून वळलो तर सातव्या झुडपाच्या काटकीवर तांबडा फुटवा, नखाएवढा. दादा वाकून बघायला लागला. मी हात लावला नाही.